‘हांगा रातीं ट्रॉलर येतले’ : कारवार बंदरातल्या एका रात्रीचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी 26 वर्षं सेफ्टीचं काम केलं. निवृत्तीनंतर तिथली एक सवय काही सुटली नाही. काही बिघडलं की त्याच दिवशी कागदावर उतरवायचं. कोण चुकलं ते शेवटी. आधी किती वाजले होते, कोण कुठं उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं. कारवारला दाजींच्या बोटीवर त्या रात्री जे झालं, ते मी सकाळी सातला, कपडे अजून ओलेच असताना, ताईच्या किराणा यादीच्या वहीत लिहायला घेतलं. कुणालाही इजा झाली नाही. आमच्या भाषेत ‘नियर मिस’. नियर मिसचा कागद अपघाताच्या कागदापेक्षा नीट लिहावा लागतो, कारण त्यावर वाद घालायला सगळे जिवंत असतात.

बोट आणि माणसं

दाजी खानापूर तालुक्यातले. मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये 28 वर्षं फिटर होते. म्हणजे आयुष्य समुद्रावर गेलं, पण सगळं पाण्याच्या पातळीखाली. समुद्र त्यांनी निवृत्तीनंतरच बघितला, असं ताई म्हणते. चार वर्षांपूर्वी त्यांनी गोव्यात एक जुनी फायबरची शिडाची बोट घेतली. 31 फूट लांब, पाण्याखाली साधारण दीड मीटर, पाण्यावर डोलकाठी बारा मीटर, आत 20 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. दिवाळी झाली की दोघं बोटीवर राहायला जातात आणि शिमग्यापर्यंत तिथंच असतात. पावसाळ्यात बोट गोव्यात जमिनीवर चढते आणि ही दोघं बेळगावच्या शहापुरात आमच्या शेजारच्या गल्लीत उतरतात. बोटीवर काय सोसलं याच्या कथा मग पूर्ण पावसाळाभर.

बोटीवर राहणं म्हणजे काय, हे मला त्या चार दिवसांत कळलं. पाण्याची टाकी 150 लिटरची. तिघं माणसं. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची आणि शेवटी एकदाच गोड्या पाण्यातून काढायची. अंघोळ तांब्याने, तीही मोजून पाच तांबे. सोलरच्या दोन पाट्यांवर दिवे, पंखा, मोबाईल. ताईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “इथं नळ उघडा ठेवून दात घासलास तर तुला उतरवीन बघ.” माहेरच्या माणसाला असं बोलायची तिची पहिलीच वेळ.

कारवारलाच का, याचं उत्तर थोडं हसण्यासारखं आहे. बेळगावच्या माणसाला कारवार पाठ आहे ते सीमाप्रश्नाच्या घोषणेतून: बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी. लहानपणापासून हे नाव दुसऱ्या क्रमांकाला ओरडत आलो, पण आमच्या तिघांपैकी कुणीही तिथं एक रात्र राहिलं नव्हतं. रस्त्याने गेलं तर जोयड्याच्या जंगलातून चारेक तास. तेवढ्यात आम्ही कोल्हापूर करून परत येतो. दाजी म्हणाले, “आयुष्यभर मागतोय ते गाव एकदा बघूया तरी की.”

बघायला गेलं तर या गावाची वाटणी बंदरापायीच झालेली आहे. 1862 मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला, तो कारवार बंदरावर डोळा ठेवून. अमेरिकेत यादवी चालू होती, मँचेस्टरला कापूस हवा होता आणि धारवाडकडचा कापूस उतरवायला जवळचं बंदर हवं होतं. पुढे 1956 मध्ये बेळगाव आणि कारवार एकाच दिवशी म्हैसूर राज्यात गेले. या दोन्ही वेळा बंदरातल्या माणसाला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

जाणं

मुरगावहून कारवार सुमारे 40 सागरी मैल. आम्ही पहाटे पाचला निघालो. हिवाळ्यात या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, मग दहा-अकराच्या सुमाराला सगळं शांत, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा. दक्षिणेला जाणाऱ्याला दुपारचा वारा पाठीवर मिळतो. काब द रामाचं टोक मागं पडल्यावर इंजिन बंद केलं आणि उरलेला रस्ता शिडावर आलो. दाजी खुशीत होते. येताना वारा पाठीवर असला की परतताना तो तोंडावर असणार, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण आलेला वारा आधी वापरून टाकायचा, असा त्यांचा स्वभाव.

कारवार समुद्रातून फार देखणं दिसतं. डावीकडे कुर्मगड, पुढे दीपगृहाचं देवगड बेट, मागे सदाशिवगडाचा डोंगर, मध्ये काळी नदीचं तोंड आणि उजव्या हाताला बैतकोलची टेकडी, तिच्या कुशीत बंदर. तरुण रवींद्रनाथ टागोर इथं न्यायाधीश असलेल्या थोरल्या भावाकडे येऊन राहिले होते. किनाऱ्याला त्यांचं नाव आहे आणि त्याच किनाऱ्यावर ‘चापल’ ही निवृत्त युद्धनौका वाळूत बसवलेली आहे. टेकडीच्या दक्षिणेला नौदलाचा तळ. तिकडे नजर टाकायची, बोट टाकायची नाही.

दाजींचा मूळ बेत नदीत शिरून आडोशाला राहायचा होता. तो मी आणि ताईने मिळून मोडला. नदीच्या तोंडावर वाळूचा पट्टा आहे. आत पूल आहे आणि आमच्या डोलकाठीची उंची बारा मीटर. शिवाय 7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्रीनंतर तिथला जुना पूल नदीत कोसळला. एक ट्रक त्याच्यासोबत पाण्यात गेला, चालक तेवढा वाचला. पडलेल्या काँक्रीटमधला कुठला तुकडा कुठं आहे हे आमच्याकडच्या जुन्या नकाशाला कसं कळणार? हा एक निर्णय आम्ही बरोबर घेतला. एक निर्णय बरोबर आला की माणूस पुढचा निर्णय कमी विचाराने घेतो. हे कागदात लिहीत नाहीत, पण मी लिहिलं.

परवानगी

साडेतीनला पोचलो. तात्पुरता नांगर टाकून दाजी आणि ताई रबरी होडीने धक्क्यावर गेले. कागद दोन ठिकाणी दाखवायचे होते, बंदराच्या कचेरीत आणि किनारी पोलिसांकडे. फॉर्म कन्नडमध्ये. दाजींचं कन्नड बाजारापुरतं. ताईची दहावी बैलहोंगलला झालेली, तिने झरझर भरून दिला. पोलिसांनी पहिला प्रश्न लाइफ जॅकेटचा केला. जानेवारी 2019 मध्ये कुर्मगडच्या नरसिंह जत्रेहून परतणारी होडी उलटून 16 माणसं बुडाली होती. ते आठवणीत असलेल्या माणसाने हाच प्रश्न आधी विचारावा. तीन जॅकेटं, तिघांची आधार कार्डं, बोटीची नोंदणी, झालं. सगळे नीट बोलले. नांगर कुठं टाकू, असं दाजींनी विचारलं, तर उत्तर आलं, “मच्छीमार धक्क्याच्या आत नको. बाहेर, उत्तरेला टाका.”

दाजी शिक्का मारलेला कागद घेऊन परत आले आणि म्हणाले, “मिळाली परवानगी.” या वाक्यात पुढचं सगळं आहे.

उत्तरेला पाणी भरपूर होतं. त्यातली एक जागा दाजींना फार आवडली. बंदराच्या बांधाचं टोक जवळ, त्यामुळे लाट नाही. खाली चिखल, म्हणजे नांगर धरणार. सहा मीटर पाणी. धक्का रबरी होडीने पाच मिनिटांवर. आणि इतकी चांगली जागा, पण तिथं एकही बोट नाही. बाकीच्या होड्या दूर, किनाऱ्याजवळ, एकमेकींना चिकटून.

आमच्या गणपत गल्लीत शुक्रवारी संध्याकाळी उभं राहिलं तर कडेला अशाच रिकाम्या जागा दिसतात. नवा माणूस म्हणेल, इथं उद्या गाडी लावू. शनिवारी पहाटे तिथं कुठली तरी भाजीवाली येते, जी तीस वर्षं तिथंच बसते. जागेवर तिचं नाव नसतं, पण जागा तिचीच असते. बाजारात वाढलेल्या आम्हा तिघांना हे कळायला हवं होतं. पाण्यावर गल्ली दिसत नाही, एवढंच.

इशारा

पाचच्या सुमाराला एक म्हातारबा छोटी होडी वल्हवत आमच्या बाजूने गेले. डोक्याला पंचा, होडीत थोडं जाळं आणि एक कुत्रं. थांबले, बोट वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, “खंयचे रे तुमी?”

“बेळगावचे,” दाजी म्हणाले.

म्हातारबांनी मान डोलावली. बेळगावच्या माणसाने शिडाची बोट ठेवावी याचं त्यांना नवल वाटलं असणार, पण तसं दाखवलं नाही. मग बांधाच्या टोकाकडे हात करून म्हणाले, “हांगा रातीं ट्रॉलर येतले.”

दाजी म्हणाले, “होय काय? बरं बरं.” मी म्हणालो, “किती वाजता?” ते म्हणाले, “येतले. तीन, चार.” आणि वल्हवत निघून गेले.

त्यांचा प्रत्येक शब्द आम्हाला कळला. कोकणी आहे, कळणारच. पण आम्ही ते माहिती म्हणून ऐकलं. इथं पाऊस जास्त पडतो, इथला बांगडा चांगला, इथं रात्री ट्रॉलर येतात. मी तर ताईला म्हणालो की तीनला उठव, ट्रॉलर येताना बघू.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त वेळ याच जागी थांबावंसं वाटतं, कारण अशी वाक्यं मी 26 वर्षं ऐकली आहेत. वितळलेलं लोखंड ज्या लाडलमध्ये घेतात ती कोरडी ठणठणीत असावी लागते. आत ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पण लाडलजवळ उभा असलेला हेल्पर कधी “थांबा, ओतू नका” असं म्हणत नाही. तो म्हणतो, “साहेब, काल रात्री जरा पाऊस लागला हितं.” बस्स. पुढचं आपण समजायचं. थांबवणं हे त्याचं काम नाही, असं आपणच त्याला इतकी वर्षं शिकवलेलं असतं. मी आल्यावर फौंड्रीत एक नियम केला होता: हेल्पर हवेतलं काहीही बोलला तर त्याला उलट विचारायचं, “म्हणजे मी काय करू?” तो लाजतो, पाय घासतो, पण सांगतो.

तो नियम मी बेळगावला ठेवून आलो होतो. स्टीलच्या कठड्याची, पांढऱ्या रंगाची बोट, वर चहाचे कप धरून बसलेली तीन माणसं. त्या म्हातारबांनी आम्हाला “इथून उठा” म्हणावं तरी कसं? त्यांनी आपल्या परीने सांगितलं होतं.

संध्याकाळी गावात जाऊन आलो. बाजारात एकाच माणसाशी ताईने कन्नड, दाजींनी मराठी आणि त्याने कोकणी बोलत नारळाचा भाव ठरवला. कुणीच कुणाला आपली भाषा बोल म्हणालं नाही. गाव छोटं, स्वच्छ, लवकर झोपणारं. नऊला आम्ही परत बोटीवर.

तीन वाजून दहा मिनिटं

तिथी मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. चंद्र दहाच्या सुमाराला मावळलेला. कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. पंचमीला येतात पावणेचार. आमच्या बोटीवरच्या तक्त्यात कारवारची भरती तीनच्या आसपास होती. म्हणजे पाणी चढून थांबलेलं, उतरायला अजून लागलेलं नाही. खारा वारा कधीच पडला होता आणि मतलई अजून सुटली नव्हती. बोटीला कुठल्याच बाजूने ओढ नव्हती. पाण्यावर ती नुसती ठेवल्यासारखी होती.

मला इंजिनचा आवाज झोपेत ऐकू येत होता. मग तो अचानक बदलला, कुणी गळा दाबल्यासारखा, आणि आमची बोट पुढे खेचली गेली. मी बाकावरून खाली. वर आलो तेव्हा नाळेसमोर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोर, काळी भिंत होती आणि आम्ही तिच्याकडे ओढले जात होतो. ट्रॉलर आमच्या नाळेपासून पंधरा-वीस मीटरवरून आडवा जात होता. त्याच्या पाण्याखालच्या, बोट ढकलणाऱ्या पंख्याने आमचा नांगराचा दोर पकडला आणि रहाटासारखा गुंडाळायला सुरुवात केली. एका टोकाला आम्ही बांधलेले. काही सेकंदांत त्याचं इंजिन बंद पडलं. तरी तेवढ्या ओढीने आमचा पुढचा कठडा त्याच्या बाजूला लावलेल्या टायरवर जाऊन आदळला. एक खांब वाकला. टायर नसता तर नाळ फुटली असती.

“बघालास काय नुसता, दोर धर की!” हे ताई. मी खरंच नुसता बघत उभा होतो. ही नोंदही कागदात आहे.

दाजी खाली पळाले, इंजिन चालू करायला. तेवढ्यात वरून ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, कोकणीत ओरडला, मग कन्नडमध्ये, मग हिंदीत: इंजिन लावू नका! त्याचं बरोबर होतं. तुटलेल्या दोराचे वेटोळे आमच्या भोवती पाण्यावर तरंगत होते. आमचाही पंखा अडकला असता आणि दोन्ही बोटी बिनइंजिनाच्या झाल्या असत्या. 28 वर्षं इंजिनाजवळ काढलेल्या माणसाचा संकटात पहिला हात इंजिनकडेच जाणार.

तांडेलने आपला नांगर टाकला. त्याच्या पोरांनी दोन दोर फेकून आम्हाला बाजूला बांधून घेतलं. पाठीमागून आणखी पाच-सहा ट्रॉलरांचे दिवे येत होते. तांडेलने वायरलेसवर काहीतरी सांगितलं आणि ते सगळे आमच्या बाहेरून वळसा घेऊन गेले. दहा मिनिटांत पुन्हा शांतता. सगळ्यांच्या अंगातून थरथर मात्र उजाडेपर्यंत गेली नाही.

सकाळ

आमचा दोर ट्रॉलरच्या पंख्यावर आणि दांड्यावर वितळून बसला होता. दोराचा लाखेसारखा कडक गोळा झाला होता. उजाडल्यावर एक ओडिया पोरगा सुरी घेऊन पाण्यात उतरला, पण सुरी चालेना. दाजींनी हॅकसॉचं पातं दिलं. ते घेऊन तो पन्नास मिनिटं वरखाली करत होता. तोवर त्यांची मासळी दुसऱ्या बोटीत टोपल्याटोपल्याने उतरवली. तरी लिलावाची पहिली वेळ गेली. ट्रॉलरवर पगार नसतो, वाटा असतो. भाव पडला की मालकापासून त्या पाण्यातल्या पोरापर्यंत प्रत्येकाचा पडतो.

मालक धक्क्यावरून फोनवर तापलेले. दाजीही तापायला लागले होते. त्यांचं म्हणणं, आमचा दिवा चालू होता. नांगरलेल्या बोटीने जो पांढरा दिवा लावायचा तो आम्ही लावला होता. चालत्या बोटीने बघायला नको? समुद्रावर टक्कर टाळायच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला तिसावा नियम त्यांना पाठ आहे. मी त्यांना नववा दाखवला: अरुंद वाटेत, शक्य असेल तोवर, नांगर टाकू नये. दाजी म्हणाले, “वाट आहे असं लिहिलंय काय कुठं?” तांडेल हसला. “साहेब, चाळीस वरसां ही वाट.”

शेवटी 6,000 रुपये लिलावाच्या नुकसानीचे आणि 1,000 पाण्यात उतरलेल्या पोराचे, असं ठरलं. तांडेलने स्वतःसाठी काही घेतलं नाही. किनारी पोलिसांकडे नोंद करायला दाजी तयार नव्हते. मी अडून बसलो, नोंद झाली आणि काही बिघडलं नाही. त्या दिवशी चंपाषष्ठी होती. ताईने बेळगावहून बाजरीचं पीठ आणि वांगी आणली होती. तिने बोटीच्या दोन बर्नरवर रोडगे आणि भरीत केलं, खंडोबाला दाखवलं आणि उरलेलं सगळं ट्रॉलरवर पाठवलं. डबा परत आला तो बांगड्यांनी भरून. चंपाषष्ठीला बांगडे, म्हणून ताई क्षणभर थांबली आणि मग बर्फात ठेवून दिले.

कारणं

जागेचं बोलून झालं. आता दोन वस्तू.

पहिली, दिवा. तो डोलकाठीच्या टोकावर, बारा मीटर उंचीवर. दोन मैलांवरून छान दिसतो. पण सुकाणू धरणारा माणूस छपराच्या केबिनमधून बघतो. बोट चाळीसेक मीटरवर आली की तो दिवा त्याच्या छपराच्या वर जातो. खाली उरतो अंधार आणि अंधारात पांढरी बोट. दुरून मागे दिसणाऱ्या गावाच्या दिव्यांत आमचा एक दिवा कुठला, हेही कळत नाही. हाताच्या उंचीवर एक कंदील बांधला असता तर भागलं असतं. दुसऱ्या रात्री आम्ही दोन बांधले.

दुसरी, दोर. नांगराला आधी दहा मीटर साखळी आणि पुढे दोर. तो नायलॉनचा असायचा, नायलॉन पाण्यात बुडतो. दाजींचा नायलॉन झिजला होता, म्हणून या दिवाळीत नवा आणला. तो होता पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा, हिरवा, दिसायला दणकट. पीपी पाण्यापेक्षा हलका. वारा किंवा ओढ असेपर्यंत दोर ताणलेला राहतो आणि तिरका पाण्याखाली जातो, काही दिसत नाही. संध्याकाळी मी स्वतः नाळेवर वाकून बघितलं होतं, सगळं ठीक होतं. पण रात्री तीनला ओढ संपली तसा तो सैल होऊन वर आला. साखळी तळाशी पडलेली, तीस मीटर दोर, सहा मीटर पाणी. उरलेला सगळा दोर बोटीपुढे वेटोळं होऊन पाण्यावर पसरला. ट्रॉलरने आम्हाला नीट चुकवलं होतं, दोराला कसं चुकवणार? गोव्यात बोट कायम पक्क्या बोयाला बांधलेली असायची, म्हणून हा दोर तोपर्यंत एकदाही रात्रभर वापरला गेला नव्हता. आणि ज्या थांबलेल्या पाण्याने तो वर आणला, त्याच थांबलेल्या पाण्यामुळे दोन्ही बोटी बांधावर वाहत गेल्या नाहीत.

दोर कुणी आणला, हा प्रश्न कागदात येतोच. तो मी आणला. बेळगावच्या बाजारातून, दाजींनी फोनवर “चौदा एमएम, पन्नास मीटर” एवढंच सांगितलं होतं. दुकानदाराने दोन्ही समोर ठेवले. हा निम्म्याहून स्वस्त होता. “विहिरीला, ट्रॅक्टरला सगळे हाच नेतात,” तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. मी त्याला बोटीसाठी हवाय असं सांगितलंच नव्हतं. फौंड्रीत एखाद्याने पट्टा बदलताना मूळ जातीचा आहे का ते न बघता आणला असता, तर मी त्याची वाट लावली असती.

आणखी एक, नोंद पुरी व्हावी म्हणून. नांगर आणि साखळी तळाशीच राहिली होती. दाजी म्हणाले गेली चाळीस किलोची वस्तू. सकाळी रबरी होडीने फिरलो तर हिरव्या दोराचं तुटकं टोक पाण्यावर डोलत होतं. बुडणारा दोर असता तर सापडला नसता. तिघांनी मिळून नांगर वर काढला.

त्या दिवशी आम्ही तांडेलला विचारून जागा बदलली. गावापासून लांब, थोडी जास्त हलणारी, होड्यांच्या रांगेच्या टोकाला. धक्क्यावरच्या एका दुकानातून पन्नास मीटर नायलॉन घेतला. या वेळी कशासाठी हवाय ते दोनदा सांगितलं. दुसरी रात्र शांत गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी परतीचा बेत सांगत होते. आठला चहा घेऊन निघू, दुपारपर्यंत काब द रामा. तेवढ्यात ते म्हातारबा आले, कुत्र्यासह. झालेलं सगळं त्यांना कळलेलं असणार. त्याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या नव्या जागेकडे बघून मान हलवली आणि जाता जाता म्हणाले, “फाल्यां वारो बेगीन येतलो.” उद्या वारा लवकर येणार.

दाजी “बरं बरं” म्हणणार होते. तोंड उघडलेलं मी बघितलं. मग कप खाली ठेवला, कठड्यावरून वाकले आणि म्हणाले, “काका, म्हणजे आम्ही काय करू?”

म्हातारबांनी वल्हं थांबवलं. आभाळाकडे बघितलं, आमच्या डोलकाठीकडे बघितलं. “चार वरांच्या आदीं वचात,” ते म्हणाले. “धा वरांमेरेन तें तोंक वट्टावचें.” म्हणजे चारच्या आधी निघा, दहापर्यंत ते टोक मागं टाका.

आम्ही साडेतीनला नांगर उचलला. बांधाच्या टोकावरून ट्रॉलर आत येत होते. त्यांची वाट सोडून, बाहेरून.